मेनूमागचं काम आणि प्रोग्रॅमची आठवण

मार्च लागला की गोव्यातल्या सत्तरी आणि डिचोलीच्या बाजारांत काजूबियांच्या गोण्या उतरू लागतात. बागायतदार गोणी काट्यावर ठेवतो, वजन होतं, त्या दिवसाचा दर लागतो, पावती छापली जाते आणि पैसे हातात पडतात. मे संपेपर्यंत ही धांदल चालते. मग पाऊस येतो आणि पावती छापणारा संगणकावरचा प्रोग्रॅम पुढच्या हंगामापर्यंत क्वचितच कुणी उघडतं.

वाळपई-साखळीकडच्या एखाद्या दुकानासाठी असा प्रोग्रॅम लिहायचा आहे असं समजू. लिहिणाऱ्याचं सगळं लक्ष आधी हिशोबाकडे जातं: वजन, दर, वजावट, एकूण रक्कम. खरं तर तो भाग सोपा असतो. वापरणाऱ्याला रोज जाणवतो तो त्याभोवतीचा भाग. कुठलं बटण कुठं आहे, कुठल्या कळा दाबल्या की काय होतं, मे महिन्यात निवडून ठेवलेला प्रिंटर पुढच्या मार्चमध्ये प्रोग्रॅमला आठवतो का. दारात रांग लागलेली असताना पावती करणाऱ्या माणसाला माउस शोधायलाही वेळ नसतो, म्हणून या भागाला दुय्यम मानणं मला पटत नाही.

उदाहरणं मी क्यूटी या, विंडो, बटणं आणि मेनू असलेले प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनसंचातली घेतो. ते १९९५ मध्ये ट्रोलटेक या नॉर्वेतल्या कंपनीकडून बाहेर आलं, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि पायसाइड या जोडणीमुळे ते पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतून वापरता येतं. फर्मागुडीला अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलालाही ते एक पैसा न देता उतरवून घेता येईल. जावा, डॉटनेट किंवा जीटीके अशी दुसरी साधनं वापरणाऱ्यांना नावं वेगळी दिसतील, पण कल्पना याच आहेत.

चार ठिकाणी दिसणारं एकच काम

पहिल्यांदा लिहिणारा टूलबारवर ‘पावती छापा’ असं बटण ठेवतो आणि ते दाबल्यावर चालणारं फंक्शन, म्हणजे ते काम करणारा कोडचा तुकडा, लिहितो. मालक म्हणतो, मेनूतही हवं. मग मेनूत ओळ येते आणि तिला तेच फंक्शन जोडलं जातं. नंतर कंट्रोल-पी येतं. नंतर यादीतल्या पावतीवर उजवं क्लिक केलं की उघडणाऱ्या छोट्या मेनूतही तीच ओळ येते. इथवर सगळं सुरळीत चालतं.

गोंधळ पुढे होतो. वजन भरलेलं नसताना पावती छापता येऊ नये, असं ठरतं. लिहिणारा टूलबारचं बटण निष्क्रिय करतो, मेनूतली ओळ निष्क्रिय करतो, आणि कंट्रोल-पी विसरतो. घाईत कुणीतरी ते दाबतं आणि शून्य किलोची पावती बाहेर येते. ‘छापा’च्या जागी ‘छापा आणि जतन करा’ असा मजकूर करायचा ठरलं, तरी तो तीन ठिकाणी बदलावा लागतो, आणि एक ठिकाण हमखास राहतं.

यावर उपाय म्हणजे ॲक्शन. क्यूटीत त्यासाठी क्यूॲक्शन नावाचा प्रकार आहे. वापरणाऱ्याला करता येणारं एक काम म्हणजे एक ॲक्शन. तिच्यापाशी त्या कामाचं सगळं असतं: दिसणारा मजकूर, चित्र, शॉर्टकट, माउस वर नेला की येणारी छोटी माहिती, काम सध्या करता येतं की नाही, आणि निवडल्यावर कुठलं फंक्शन चालवायचं. ही ॲक्शन एकदाच तयार करायची आणि मग मेनूत, टूलबारवर, उजव्या क्लिकच्या मेनूत, हवी तिथं जोडायची. जिन्याच्या दिव्याला खाली एक बटण असतं आणि वर एक, दिवा मात्र एकच असतो. ॲक्शन हा तो दिवा. तिला एकदा निष्क्रिय केलं की मेनूतली ओळ फिकी होते, टूलबारचं बटण फिकं होतं आणि कंट्रोल-पीही गप्प बसतं.

म्हणून मेनू लिहायला घेण्याआधी कागदावर कामांची यादी करावी, असं मी शिकणाऱ्यांना नेहमी सांगतो. नवी पावती, पावती जतन करा, छापा, रद्द करा, शोधा, दिवसाचा हिशोब, बॅकअप घ्या. ही यादी पक्की झाली की मेनू म्हणजे तिची मांडणी उरते. आधी मेनू काढून मग त्याच्या ओळींना कामं जोडत गेलं, तर प्रोग्रॅम मेनूच्या आकाराचा होतो, आणि तो आकार पुढे बदलणं फार जड जातं.

आता ॲक्शन सक्रिय कधी असावी, हे कुणी ठरवायचं? ‘वजन भरलं की छापा सक्रिय कर’ ही ओळ वजनाच्या खान्याच्या कोडमध्ये, ‘पावती रद्द झाली की निष्क्रिय कर’ ही रद्द करण्याच्या कोडमध्ये, असं विखुरलं की थोड्याच दिवसांत कुणालाच खात्री राहत नाही. त्याऐवजी एकच फंक्शन लिहावं. ते सध्याची परिस्थिती पाहतं: पावती उघडी आहे का, वजन शून्याहून जास्त आहे का, पावती आधीच रद्द झाली आहे का. त्यावरून ते सगळ्या ॲक्शनांची स्थिती एकाच जागी ठरवतं. काहीही बदललं की तेच फंक्शन पुन्हा बोलवायचं. संगणकाला थोडं जास्त काम पडतं, पण त्याला त्याचं काहीच वाटत नाही.

निष्क्रिय ॲक्शन फिकी दाखवावी की पूर्ण लपवावी, यावर मतभेद आहेत. मी फिकी दाखवण्याच्या बाजूचा आहे. माणसाच्या हाताला जागा पाठ होते. मेनूतली चौथी ओळ आज चौथी आणि उद्या तिसरी झाली, तर छापायच्या ऐवजी रद्द करणं घडतं. शिवाय फिकी ओळ पाहून निदान कळतं की हे काम इथं होतं, फक्त आत्ता होणार नाही. का होणार नाही, तेही तिथल्या छोट्या माहितीत लिहिलं तर फारच चांगलं: ‘आधी वजन भरा’.

पायथनमध्ये लिहिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. ॲक्शन तयार करताना तिचा मालक म्हणून मुख्य विंडो द्यावी, किंवा ती विंडोच्या आत नाव देऊन धरून ठेवावी. नाहीतर फंक्शन संपताच पायथन ती न वापरलेली वस्तू समजून टाकून देतो आणि मेनूतून ओळ गायब होते. दुसरी गोष्ट, नुसती तयार केलेली ॲक्शन शॉर्टकट ऐकत नाही. ती एखाद्या मेनूत, टूलबारवर किंवा थेट विंडोला जोडलेली असावी लागते.

खूण असलेल्या ओळी

काही ओळी काम करत नाहीत, स्थिती बदलतात. ‘ओलाव्याचा रकाना दाखवा’ यापुढे बरोबरची खूण येते किंवा जाते. काही ओळींत अनेकांतून एकच निवडायची असते, उदाहरणार्थ मेनूची भाषा मराठी, कोकणी की इंग्रजी. अशा ॲक्शनांचा एक गट करायचा, म्हणजे एकीवर खूण आली की दुसरीवरची आपोआप जाते.

इथं एक बारकावा आहे आणि तो नीट समजून घ्यावा असा आहे. खूण असलेली ॲक्शन दोन वेगळे संकेत पाठवते. ट्रिगर्ड हा संकेत वापरणाऱ्याने ती निवडली की येतो. टॉगल्ड हा संकेत खूण बदलली की येतो, मग ती माणसाने बदललेली असो वा आपल्या कोडने. प्रोग्रॅम सुरू होताना आपण जुनी निवड वाचून खूण लावतो, तेव्हा टॉगल्ड येतो आणि ट्रिगर्ड येत नाही. म्हणून रकाना दाखवण्या-लपवण्याचं काम टॉगल्डला जोडावं. तसं केलं की सुरुवातीला वाचलेली निवड आपोआप पडद्यावर लागू होते. ट्रिगर्डला जोडलं तर खूण दिसते पण रकाना दिसत नाही, आणि चूक सेटिंग वाचण्यात आहे असं समजून माणूस भलतीकडेच शोधत बसतो. उलट, जे फक्त माणसाने सांगितल्यावरच व्हायला हवं, जसं छापणं किंवा रद्द करणं, ते ट्रिगर्डलाच जोडावं.

कळांची परंपरा

मेनूची पट्टी आणि तिच्यातून खाली उघडणारे मेनू लोकांपर्यंत पोचले ते ॲपलच्या १९८३ च्या लिसा संगणकातून आणि १९८४ च्या मॅकिंटॉशमधून. कट, कॉपी, पेस्ट आणि अनडू यांना एक्स, सी, व्ही आणि झेड या शेजारशेजारच्या कळा मिळाल्या त्याही तिथंच, आणि त्यामागे ॲपलमधल्या लॅरी टेस्लर यांचा विचार होता. १९८७ मध्ये आयबीएमने आपल्या सगळ्या प्रोग्रॅमांसाठी एक सामाईक नियमावली काढली. मदतीसाठी एफ-१ ही सवय त्या काळातली. मेनूतल्या ओळीपुढे तीन टिंबं असली की ती निवडल्यावर प्रोग्रॅम आधी काहीतरी विचारणार, हा संकेतही जुना आहे. ‘शोधा…’ला टिंबं हवीत, ‘जतन करा’ला नकोत.

सांगायचा मुद्दा असा की हे संकेत वापरणाऱ्याच्या हातात आधीच बसलेले असतात. कंट्रोल-एस म्हणजे जतन हे त्याला कुणी शिकवायला नको. तेव्हा जिथं सर्वमान्य कळ आहे तिथं तीच द्यावी. क्यूटीत त्यासाठी प्रमाण कळांची यादीच आहे. ‘जतन करण्याची प्रमाण कळ’ एवढं सांगितलं की विंडोजवर ती कंट्रोल-एस होते आणि मॅकवर कमांड-एस.

एकाच विंडोत दोन ॲक्शनांना एकच शॉर्टकट दिला तर काय होतं? पहिली चालते किंवा शेवटची चालते असं बहुतेकांना वाटतं. क्यूटीत एकही चालत नाही. कळ संदिग्ध असल्याची सूचना फक्त टर्मिनलच्या पडद्यावर उमटते, आणि दुकानातल्या संगणकावर तो पडदा कुणी पाहत नाही. ‘कंट्रोल-डी चालेनासं झालं’ अशी तक्रार आली की आधी हेच तपासावं.

मराठी मेनूचा आपला खास प्रश्न ऑल्ट कळीचा आहे. इंग्रजी मेनूत फाईलच्या एफखाली रेघ असते आणि ऑल्ट-एफ दाबलं की तो मेनू उघडतो. मराठी मजकुरात ही रेघ देवनागरी अक्षराखाली ठेवली, तर ते अक्षर उमटवण्यासाठी कळफलक त्या क्षणी देवनागरीत असायला हवा. पावती करणारा माणूस नाव मराठीत आणि आकडे इंग्रजीत टाकत असतो, कळफलक सारखा बदलत असतो. त्यामुळे ऑल्ट कधी चालतं, कधी नाही. जपानी प्रोग्रॅमांनी हा प्रश्न सरळ सोडवला आहे: मजकूर जपानीत, आणि त्याच्या शेवटी कंसात एक रोमन अक्षर, त्याखाली रेघ. मराठीतही तेच करावं. दिसायला थोडं खटकतं, पण कळ दर वेळी चालते. मॅकसाठी लिहिणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. तिथं ‘सेटिंग्ज’, ‘विषयी’ आणि ‘बाहेर पडा’ या ओळी प्रोग्रॅमच्या नावाच्या मेनूत जायला हव्यात, आणि क्यूटी त्या मजकुरावरून ओळखायचा प्रयत्न करतं. मराठी मजकूर त्याला ओळखू येईल या भरवशावर राहू नये. प्रत्येक ॲक्शनला तिची भूमिका आपण स्वतः सांगावी.

काय आठवणीत ठेवायचं आणि कुठं

आता सेटिंग्ज. इथं सगळ्यात आधी एक वाटणी करावी लागते, आणि ती चुकली की पुढचं सगळं चुकतं.

पहिला प्रकार म्हणजे वापरणाऱ्याची निवड: मेनूची भाषा, अक्षरांचा आकार, कुठला प्रिंटर. दुसरा, प्रोग्रॅमची स्थिती: विंडो कुठं होती, केवढी होती, शेवटचा उघडलेला फोल्डर कुठला. हे कुणी मुद्दाम निवडलेलं नसतं, पण तसंच परत मिळालं की बरं वाटतं. तिसरा प्रकार धंद्याची माहिती: आजचा दर, वजावटीचा नियम, पुढच्या पावतीचा क्रमांक. हा तिसरा प्रकार सेटिंग्जमध्ये कधीही ठेवू नये.

मोह मात्र होतो. पावतीचा पुढचा क्रमांक म्हणजे एक आकडाच तर आहे, ठेवला सेटिंग्जमध्ये, उघडताना वाचला, एकाने वाढवला. पण सेटिंग्ज या विंडोजवर लॉगिन केलेल्या माणसागणिक वेगळ्या असतात. सकाळी मालक स्वतःच्या लॉगिनने बसला आणि दुपारी त्याची मुलगी तिच्या लॉगिनने, तर दोघांच्या सेटिंग्ज वेगळ्या आणि एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या दोन बागायतदारांच्या खिशात. दराचंही तसंच. जुन्या पावतीची दुसरी प्रत काढताना त्या दिवसाचा दर लागावा, आजचा नव्हे. म्हणून दर तारखेसकट डेटाबेसमध्ये हवा. मी एक साधी कसोटी लावतो: सेटिंग्ज पूर्ण पुसल्या तर कुणाचे पैसे किंवा कागद चुकतील का? चुकणार असतील, तर ती सेटिंग नव्हेच.

गोव्यात भाषेच्या बाबतीत ही वाटणी आणखी स्पष्ट होते. मेनू वाचतो पावती करणारा, पावती वाचतो बागायतदार. मेनू इंग्रजीत चालेल, पण पावती घरी नेऊन वाचायची ती मराठीत हवी, असं अगदी सहज होऊ शकतं. म्हणजे मेनूची भाषा ही एक सेटिंग, आणि पावतीची भाषा ही वेगळी गोष्ट. ती बागायतदाराच्या नोंदीत जायला हवी, कारण ती त्याची निवड आहे.

सेटिंग्ज प्रत्यक्षात कुठं जातात? विंडोजच्या सुरुवातीच्या काळात त्या साध्या मजकुराच्या, आयएनआय प्रकारच्या फायलींत असत. विंडोज ९५ पासून रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची स्वतःची सामाईक नोंदवही, ही मुख्य जागा झाली. लिनक्सवर त्या वापरणाऱ्याच्या होम फोल्डरमधल्या कॉन्फिग नावाच्या लपलेल्या फोल्डरात जातात, मॅकवर लायब्ररीतल्या प्रेफरन्सेसमध्ये. क्यूटीत सेटिंग्ज लिहिण्या-वाचण्यासाठी क्यूसेटिंग्ज आहे, आणि ते ही जागा आपणहून निवडतं. प्रोग्रॅमच्या शेजारीच फाईल ठेवावी असं काहींना वाटतं, पण विंडोज व्हिस्टापासून प्रोग्रॅम फाइल्सच्या फोल्डरात साध्या वापरकर्त्याला लिहिता येत नाही. जुन्या पद्धतीच्या प्रोग्रॅमांचं लेखन विंडोज गुपचूप दुसऱ्याच फोल्डरात वळवतं, आणि मग फाईल दिसते एक आणि वाचली जाते दुसरी.

क्यूसेटिंग्जला दोन नावं द्यावी लागतात, संस्थेचं आणि प्रोग्रॅमचं. ती प्रोग्रॅम सुरू होतानाच, अगदी पहिल्या ओळींत द्यावीत आणि पुन्हा कधी बदलू नयेत. जागा या नावांवरूनच ठरते. पुढच्या आवृत्तीत कुणी हौसेने नाव बदललं, तर प्रोग्रॅम नव्या जागी शोधतो आणि तिथं काहीच नसतं. जुन्या सेटिंग्ज जिवंत असतात, पण वापरणाऱ्याच्या दृष्टीने सगळं हरवलेलं असतं, तेही हंगामाच्या पहिल्या दिवशी. दिसणारं नाव खुशाल बदला, आतलं नाव तेच ठेवा.

वाचताना फसवणारे प्रकार

सेटिंग वाचताना प्रत्येक वेळी मूळ मूल्य सोबत द्यावं: नोंद नसेल तर हे घे. पहिल्यांदा चालणाऱ्या संगणकावर काहीच नोंद नसते आणि तिथंही प्रोग्रॅम नीट उघडला पाहिजे.

त्याहून फसवा प्रकार हो-नाहीचा. ओलाव्याचा रकाना नको म्हणून आपण फॉल्स, म्हणजे ‘नाही’, हे मूल्य जतन केलं. आयएनआय फाईलमध्ये सगळं मजकूर म्हणून लिहिलं जातं, म्हणून तिथं फॉल्स हा शब्द जातो. पुन्हा वाचताना पायथनच्या हातात तो शब्द येऊ शकतो, आणि पायथनच्या नियमाने रिकामा नसलेला कुठलाही शब्द खरा मानला जातो. म्हणजे ‘नको’ सांगितलेला रकाना दिमाखात दिसतो. यातली खरी अडचण अशी की प्रोग्रॅम चालू असेपर्यंत मूल्य आठवणीत त्याच्या मूळ रूपात असतं, त्यामुळे लिहिणाऱ्याने लगेच तपासलं तर सगळं बरोबर वाटतं. बिघाड दिसतो तो प्रोग्रॅम बंद करून परत उघडल्यावर. उपाय सोपा आहे. वाचताना ‘मला हो-नाही प्रकारचं मूल्य हवं’ असं स्पष्ट सांगायचं; त्यासाठी क्यूसेटिंग्जच्या वाचणाऱ्या फंक्शनमध्ये सोय आहे.

आकड्यांचाही असाच एक सापळा आहे आणि तो आपल्याच वाट्याला येतो. संगणकाचा प्रदेश मराठी-भारत असा ठेवला की आकडे देवनागरीत दाखवले जातात आणि स्वल्पविराम लाख-कोटींच्या पद्धतीने पडतात. पडद्यावर १,२५,००० दिसणं छानच. पण तोच दिसणारा मजकूर सेटिंग्जमध्ये जतन केला आणि उद्या कुणी संगणक इंग्रजीवर आणला, तर वाचताना आकडा आकडा राहत नाही. दाखवताना मराठी, साठवताना मात्र साधा आकडा, हा नियम कुठंही मोडू नये.

या सगळ्यासाठी सेटिंग्जची एकच जागा कोडमध्येही असावी. प्रत्येक सेटिंगचं नाव, प्रकार आणि मूळ मूल्य एका फाईलमध्ये, आणि बाकी सगळ्या प्रोग्रॅमने तिथूनच विचारायचं. नाहीतर एके ठिकाणी ‘प्रिंटर’ आणि दुसरीकडे ‘प्रिंटरनाव’ असं लिहिलं जातं, दोन्ही चुपचाप चालतात, आणि निवडलेला प्रिंटर कधीच लागत नाही.

वीज जाते तेव्हा

बरेच प्रोग्रॅम सेटिंग्ज फक्त बंद होताना लिहितात. आपल्याकडे हे धोक्याचं आहे. मेच्या शेवटी वळवाचा पाऊस, मग जूनचं वारं, झाडाची फांदी तारेवर पडते आणि वीज जाते. यूपीएस नसला तर प्रोग्रॅमला ‘बंद होतोय’ हे कळतच नाही. म्हणून माणसाने मुद्दाम केलेली निवड, म्हणजे प्रिंटर, भाषा, अक्षरांचा आकार, बदलल्याबरोबर लिहावी. क्यूसेटिंग्ज थोड्या थोड्या वेळाने आपणहून डिस्कवर लिहितं आणि ‘आत्ताच लिही’ असंही त्याला सांगता येतं. विंडोची जागा आणि आकार बंद होताना लिहिले तरी चालतील; ते गेले तर कुणाचं अडत नाही.

सेटिंग्जसाठी स्वतःची जेसन फाईल (साध्या मजकुराचाच एक प्रकार) लिहिणार असाल तर जुन्या फाईलवर थेट लिहू नका. अर्ध्यात वीज गेली तर जुनीही गेली आणि नवीही अपुरी. आधी शेजारी तात्पुरती फाईल पूर्ण लिहायची आणि मग तिला जुनीचं नाव द्यायचं. क्यूटीतलं क्यूसेव्हफाइल हेच करतं.

विंडोच्या बाबतीत क्यूटी दोन वेगळी कामं देतं: एक विंडोची जागा आणि आकार जपतं, दुसरं टूलबार कुठं ओढून ठेवलेत ते जपतं. दुसऱ्यासाठी प्रत्येक टूलबारला आतलं नाव दिलेलं असावं लागतं, नाहीतर तो कुठला हे प्रोग्रॅमला परत ओळखता येत नाही. घरच्या मोठ्या स्क्रीनवर लिहिलेला प्रोग्रॅम दुकानातल्या छोट्या, जुन्या मॉनिटरवर एकदा तरी उघडून पाहावा. पासवर्ड सेटिंग्जमध्ये ठेवू नये, हे वेगळं सांगायला नको. त्यासाठी प्रत्येक प्रणालीत वेगळी सुरक्षित जागा असते.

शॉर्टकट वापरणाऱ्याच्या हाती

ॲक्शन आणि सेटिंग्ज नीट लिहिल्या की एक सोय जवळजवळ फुकट मिळते, आणि माझ्या मते ती प्रत्येक रोज वापरायच्या प्रोग्रॅममध्ये असावी: वापरणाऱ्याला स्वतःचे शॉर्टकट ठरवता येणं. दिवसभर पावत्या करणाऱ्याचा एक हात काट्याकडे असतो. त्याला नव्या पावतीसाठी कंट्रोल-एन नको असेल, नुसतं एफ-२ हवं असेल. ते त्याला ठरवू द्यावं.

त्यासाठी प्रत्येक ॲक्शनला एक आतलं, कायमचं नाव हवं. दिसणारा मजकूर इथं उपयोगाचा नाही, कारण मेनूची भाषा बदलली की तो बदलतो, आणि ‘नवी पावती’खाली जतन केलेला शॉर्टकट इंग्रजी मेनूत सापडणार नाही. सेटिंग्जमध्ये या आतल्या नावापुढे निवडलेली कळ लिहायची. तीही सगळ्या ॲक्शनांची नको. वापरणाऱ्याने बदललेल्याच तेवढ्या लिहायच्या. सगळ्या लिहिल्या तर पुढच्या आवृत्तीत आपण एखादी मूळ कळ सुधारली तरी ती त्याच्यापर्यंत पोचत नाही, कारण जुनी कळ ‘त्याची निवड’ म्हणून नोंदलेली असते. नवी कळ स्वीकारण्याआधी ती दुसऱ्या कुणाला दिलेली नाही ना हे तपासायचं आणि असेल तर त्या कामाचं नाव घेऊन विचारायचं: ‘एफ-२ सध्या दिवसाच्या हिशोबाला आहे, तिथून काढू का?’

मदतीच्या मेनूत ‘सगळं मूळ स्थितीत आणा…’ अशी एक ओळ ठेवावी, तीन टिंबांसह. पुसण्याआधी जुन्या सेटिंग्जची एक प्रत बाजूला ठेवावी. आणि सेटिंग्जमध्येच त्यांचा आवृत्ती क्रमांक लिहून ठेवावा, म्हणजे नवी आवृत्ती जुनी नावं पाहून ती नव्या नावांत बदलू शकते. याची चाचणी स्वतःच्या रिकाम्या संगणकावर होत नाही. फेब्रुवारीत दुकानात जाऊन गेल्या हंगामातल्या खऱ्या सेटिंग्जची प्रत घ्यावी, नवी आवृत्ती तिच्यावर चालवावी, आणि मेमध्ये निवडलेला प्रिंटर, भाषा आणि एफ-२ जागच्या जागी आहेत का ते पावती करणाऱ्यालाच पाहायला सांगावं.